मुसाफिराला जागा

मुंबईहून कोकणात गावी जाताना आमची गाडी महाडच्या अलीकडे थांबली. पहाटेपासून चालवून चालवून ड्रायव्हरचे डोळे मिटू लागले होते. त्याने तासभर झोप मागितली आणि ती त्याला द्यायलाच हवी होती. महामार्गालगतच गांधारपाल्याची लेणी आहेत. आजवर हा डोंगर मी धावत्या गाडीच्या खिडकीतूनच पाहिला होता. बायको म्हणाली, "बसून काय करायचं? चला, वर जाऊ." मुलगी तर आमच्या आधीच पायऱ्या चढू लागली होती.

खरे तर बायको रागावलेली होती, आणि तिचा राग रास्त होता. मागे एका मशिदीपाशी आम्ही जोहरसाठी थांबलो होतो. मी आत गेलो, वुजू केली, थंड पाणी प्यायलो, नमाज पढून पंख्याखाली दोन मिनिटे टेकलो. बायको आणि मुलगी गाडीतच. बायकोने नमाजीसाठी कोपरा आणि मुलीसाठी संडास कुठे आहे म्हणून विचारले, तर तिथल्या माणसाने सांगितले, "बायकांची सोय नाही." आवाजात उर्मटपणा नव्हता. जणू पावसाळ्यात पाऊस पडतो, तसे त्याने ते सांगितले.

गंमत पाहा. दीनने मुसाफिराला किती सवलती दिल्या आहेत! चार रकातींच्या दोन होतात. आम्हा शाफई कोकणी मुसलमानांना तर प्रवासात जोहर आणि अस्र एकत्र पढण्याचीही मुभा आहे. रमजानमध्ये मुसाफिराला रोजा पुढे ढकलता येतो. जकात कोणाला द्यावी हे सांगताना कुरआनाने जे आठ प्रकार मोजले आहेत, त्यांत वाटसरू आहे. यात कुठेही मुसाफिर म्हणजे फक्त पुरुष असे म्हटलेले नाही.

दमून आम्ही लेण्यांत पोहोचलो. दगडात कोरलेल्या छोट्या छोट्या खोल्या. बौद्ध भिक्खू वर्षभर फिरत असत आणि पावसाळ्यात एका जागी मुक्काम करत. त्यांच्यासाठी ही सोय. इथल्या एका ब्राह्मी शिलालेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने काय दान दिले त्याची नोंद आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी. विजयाची, लढाईची गोष्ट त्यात नाही. फिरणाऱ्या माणसाला टेकायला जागा आणि प्यायला पाणी दिले, एवढेच दगडावर कोरून ठेवावेसे वाटले. त्याला अठराशेहून जास्त वर्षे झाली असतील.

वरून सावित्री आणि गांधारी नद्यांचे खोरे आणि त्यात पसरलेले महाड दिसते. मुलीने विचारले, "पप्पा, चवदार तळं तेच ना?" मी म्हणालो, तेच गाव. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि तळ्याचे पाणी प्यायले. नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव आधीच केला होता, पण कागदावर. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे डिसेंबरमध्ये परिषद भरवायची ठरली, तर महाडात मंडपाला जागा मिळेना. ती जागा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृतीचे दहन झाले ते त्याच जागेवर.

फत्तेखानांचे नाव आम्ही भाषणांत अभिमानाने घेतो. घ्यायलाच हवे. पण त्या डोंगरावर बसून मला जरा लाज वाटली. त्यांनी अडलेल्या माणसाला जागा दिली, आणि मी ज्या मशिदीत नुकताच आराम करून आलो तिथे माझ्याच मुलीला जागा नव्हती. "बायकांची सोय नाही" हे ऐकून मीही मान हलवून आत गेलोच होतो.

आज मुसलमानांना भाड्याने घर मिळत नाही, नमाजीला जागा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. ती करत राहू. मात्र दुसऱ्याकडे जागा मागणाऱ्याने आपल्या दारात कोणाला जागा आहे हेही पाहायला हवे. चवदार तळ्याच्या ठरावासारखीच गोष्ट आहे ही. दीनमध्ये सोय आहे, दारावर नाही.

माझे म्हणणे फार मोठे नाही. महामार्गालगतच्या प्रत्येक मशिदीने आवारात एक खोली, एक नळ आणि एक स्वच्छ संडास बायकांसाठी ठेवावा. आणि तो फक्त मुसलमान बायकांसाठी नसावा. गणपतीला गावी निघालेली चाकरमान्याची बायको तान्हे मूल घेऊन आली, तर तिलाही बसता यावे. मिनारांवर, रोषणाईवर आपण जो खर्च करतो, त्याच्या मानाने हा खर्च किती?

आम्ही खाली उतरलो तेव्हा ड्रायव्हर उठून चहा पीत होता. परतीच्या वाटेवर मी त्या मशिदीत पुन्हा थांबणार आहे. या वेळी नमाजीनंतर ट्रस्टींची गाठ घेईन, आणि बोलताना बायको सोबत असेल.