रूढीचा धाक आणि घरातली मुलं

नवरा गेला की बायकोचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची, ही रीत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत अजून पाळली जाते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ठराव करून ती बंद केली. इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असं राज्य सरकारनं त्याच महिन्यात कळवलं. ठरावाचं कौतुक झालं, पण त्यातून उघड झालेली गोष्ट मागे पडली. अशा रूढी श्रद्धेपेक्षा धाकावर टिकतात. बांगड्या फोडणाऱ्या बायका बहुधा घरातल्या, भावकीतल्याच असतात. त्यांतल्या काहींनी हे स्वतः सोसलेलं असतं. तरीही चार लोक काय म्हणतील, म्हणून त्या पुढे होतात. आणि त्या चार लोकांनाही हीच भीती असते.

हा धाक कायद्यानं किंवा शिक्षणानं आपोआप जात नाही. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, तेव्हा कायदा होऊन ३७ वर्षं झाली होती, तरी त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उभं राहिलं आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या विद्वानानंही अखेर प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांची ही गत, तर हातावर पोट असलेल्या कुटुंबाकडून एकट्यानं उभं राहण्याची अपेक्षा कशी करायची?

या धाकाची सर्वांत मोठी किंमत मुलं मोजतात. हळदीकुंकवाला आलेल्या आठ वर्षांच्या मुलीच्या कपाळाला कुंकू लागतं आणि तिची विधवा आई स्वयंपाकघरात थांबते. का, असं मुलीनं विचारलं तर ‘तसंच असतं’ एवढंच उत्तर मिळतं. त्या उत्तरातून ती दोन गोष्टी शिकते: आईची पत बाबांच्या असण्यावर होती, आणि खटकलं तरी बोलायचं नसतं. पुढे हुंडा असो की जातीबाहेरचं लग्न, हीच सवय तिचं तोंड बंद ठेवते.

परंपरा नसेल तर समाज विस्कटेल, हा आक्षेप पोकळ नाही. सण, ओव्या, सुतकात शेजारघरून येणारा डबा, हे सगळं परंपरेनंच दिलं. पण वारी चुकली म्हणून कुणी कुणाला वाळीत टाकत नाही, तरीही लाखो लोक पंढरपूरला चालत जातात. जी प्रथा टिकवायला दंड किंवा बहिष्कार लागतो, तिनं समाज बांधला असं म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, कायदा आहे, मग ठराव कशाला? सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तो हवाच. पण तक्रार करणाऱ्याला त्याच गल्लीत राहायचं असतं, आणि कुंकू पुसायला पुढे झालेल्या नणंदेविरुद्ध पोलिसांत कोण जाणार? ठराव झाल्यानंही रीत एका रात्रीत मरत नाही. मात्र ‘मला हे नको’ असं म्हणणाऱ्या बाईला गावाचा आधार मिळतो आणि नकाराचा बोजा एकट्या घरावर राहत नाही. म्हणून ही चर्चा ग्रामसभेत, जातीच्या मेळाव्यांत आणि मुलांच्या देखत व्हायला हवी. मोठी माणसं एखादी रीत विचार करून सोडतात, हे मुलांनी पाहिलं, तरच उरलेल्या रीती ती समजून पाळतील.