झोपलेल्या कंदाला पाणी नको



दिवाळी आटोपली की आमच्या फाटकापाशी एक ठरलेला संवाद होतो. येणारं-जाणारं कोणीतरी थांबतं, ओट्यावरच्या कुंड्यांकडे बघतं आणि विचारतं, "अरे, श्रावणात काय सुंदर दिसत होती ही पानं! गेली का सगळी?" गेली नाहीत, झोपली आहेत, असं मी सांगतो. समोरच्याला ते फारसं पटत नाही. मलाही चार वर्षांपूर्वी पटलं नसतं. तेव्हा हे माहीत नसल्यामुळे आमच्याकडच्या चौदा कुंड्यांपैकी अकरा कुंड्या रिकाम्या झाल्या. त्या अकरा कुंड्यांमुळे जे शिकलो, ते या महिन्यात लिहितो आहे. कारण झाडं झोपायची वेळ आता आलीच आहे.

आधी झाडाची ओळख. कॅलेडियम म्हणजे आपल्या अळूचा लांबचा भाऊ. अळू, सुरण आणि कॅलेडियम तिन्ही एकाच कुळातले. पान तसंच बदामी, तसंच लांब देठावर डोलणारं. रंग मात्र असे की कोणी बसून रंगवले आहेत असं वाटावं. पांढऱ्यावर हिरव्या शिरा, हिरव्यावर गुलाबी शिंतोडे, मधोमध लालभडक आणि कडेला हिरवी किनार. मूळ गाव दक्षिण अमेरिका, ॲमेझॉनच्या खोऱ्याकडचं. तिथून ते युरोपात गेलं आणि फ्रान्समध्ये आल्फ्रेड ब्ल्यू नावाच्या माणसाने त्याच्या नव्या जाती तयार केल्या. त्याची 'कॅन्डिडम' ही पांढऱ्या पानांची जात १८६८ची. ती आजही रोपवाटिकेत मिळते.

आमच्या घरी ती बाबांनी आणली. निवृत्तीनंतर एकदा इंदूरहून येताना पिशवीतून लिंबाएवढा एक कंद घेऊन आले. "रंगीत अळू आहे, पण खायचं नाही," एवढंच आईला सांगितलं. पुढच्या सात-आठ वर्षांत एकाचे चौदा गमले झाले. (आमच्या घरात कुंडीला गमलाच म्हणतात. माझे पुण्याचे सहकारी या शब्दाला हसतात, हसोत.) थंडीत बाबा त्या कुंड्यांचं काहीतरी करायचे एवढं मला माहीत होतं. काय करायचे, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. मी तेव्हा पुण्यात होतो आणि दिवाळीत चार दिवस येऊन परत जायचो.

चार वर्षांपूर्वी कोजागरीच्या आठवड्यात बाबा गेले. मी घरून काम करायची परवानगी काढली आणि उज्जैनलाच राहिलो. दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले आणि आईने बाबांचं एक काम स्वतःकडे घेतलं. सकाळी सात वाजता तांब्या घेऊन ओट्यावर जायचं आणि एकेका कुंडीला पाणी घालायचं. नेमकी त्याच सुमाराला पानं पिवळी पडायला लागली. देठ वाकले, एकेक पान मातीवर आडवं झालं. आई म्हणाली, "त्यांच्याबरोबर हीही निघाली." त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही. मी शेणखत आणून दिलं. आईने पाणी वाढवलं. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक.

डिसेंबर संपता संपता मावठा झाला. दोन दिवस झिमझिम आणि वर बोचरी हवा. नंतर ऊन पडलं तेव्हा ओट्यावर कुजका वास येत होता. मी एक कुंडी उलटी केली तर कंदाच्या जागी चिकट लगदा. दुसरी, तिसरी, सगळ्यांची तीच गत. तीनच कुंड्यांतले कंद टणक निघाले. त्या तीन कुंड्या जिन्याखाली होत्या. आईचे गुडघे दुखतात, तिला तिथे वाकता येत नाही. जिथे तिचा तांब्या पोचला नाही, तेवढेच वाचले होते.

आईला मी सांगितलं, "थंडीने गेले."

ते अर्धंच खरं होतं. का, ते सांगतो. कॅलेडियमच्या मूळ प्रदेशात वर्षाचे दोन भाग असतात, ओला आणि कोरडा. पावसात पानं फुटतात. पानं अन्न तयार करतात आणि ते कंदात साठत जातं. पाऊस संपला की झाड पानं टाकून देतं आणि कंदाच्या रूपाने जमिनीत पडून राहतं. आपल्याकडे पाऊस ओसरून दिवस लहान व्हायला आणि रात्री गार व्हायला लागल्या की झाडाला तोच इशारा मिळतो. माळव्यातल्या माणसाला हे नवीन वाटायला नको. आपण गराडू कधी खातो? ऐन थंडीत. वेल वाळतो तेव्हाच खाली कंद भरलेला असतो. पान वाळणं म्हणजे मरण नव्हे, ती साठवण पूर्ण झाल्याची खूण आहे.

अशा झोपलेल्या कंदाला ना पानं असतात ना कामाची मुळं. तुम्ही घातलेलं पाणी तो पिऊच शकत नाही. ते मातीत नुसतं साचतं, आणि आपली काळी माती तर पाणी सोडतच नाही. त्यात रात्रीचा गारठा. साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की कॅलेडियमच्या कंदाला इजा व्हायला लागते. कर्कवृत्त उज्जैनच्या किंचित उत्तरेने जातं. जूनच्या २१ तारखेला भर दुपारी वेधशाळेत सावली जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे नकाशाप्रमाणे आपण उष्ण कटिबंधातले. पण जानेवारीतल्या रात्री पारा नऊ-दहा अंशांवर असतो आणि थंडीची लाट आली की त्याच्याही खाली जातो. कोकणात हेच कंद जमिनीत तसेच राहतात आणि जूनमध्ये आपोआप वर येतात, कारण तिथे एवढा गारठा नसतो. आपल्याकडे कोरड्या मातीतला कंद बहुधा निभावून नेतो. गारठा आणि ओल एकत्र आली की संपलं.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये लेक प्लॅसिड नावाचं छोटं गाव आहे. जगात विकले जाणारे कॅलेडियमचे बहुतेक कंद तिथल्या शेतांतून येतात. तो प्रदेश आपल्यापेक्षा दमट, तरी तिथले शेतकरीसुद्धा थंडीच्या दिवसांत कंद खणून काढतात, सुकवतात आणि उबदार गोदामांत ठेवतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते आपल्या पंचांगाप्रमाणे सांगतो. तारखांपेक्षा ते लक्षात राहतं.

कोजागरीपासून पाणी कमी करा. रोज घालत असाल तर तीन-चार दिवसांनी घाला. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडू लागतील. तेव्हा पाणी पूर्ण बंद. खत तर अजिबात नको. हिरवी पानं मात्र तोडू नका. ती वाळेपर्यंत त्यांतलं अन्न कंदात उतरत असतं.

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला, माती कोरडी झाल्यावर, कंद काढा. खुरप्याने कडेकडेने माती सैल करा आणि हाताने उचला. मी कंद धूत नाही, माती नुसती झटकतो. वाळलेली पानं हलकेच ओढली की सुटतात. मग आठ-दहा दिवस कंद सावलीत, वारा लागेल असे वर्तमानपत्रावर पसरून ठेवा. उन्हात नको. एखाद्याला खुरपं लागलं असेल तर जखमेवर चुलीची किंवा गोवरीची राख लावा आणि तो वेगळा ठेवा.

सुकले की खोक्यात कोरडी रेती किंवा लाकडाचा भुसा घालून त्यात एकमेकांना चिकटणार नाहीत असे ठेवा. नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळले तरी चालतात. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम येतो. फ्रिज तर नकोच नको. हा बटाटा नव्हे. घरातली उबदार, कोरडी जागा शोधा. स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ उत्तम. ज्यांना कंद काढायचे नसतील त्यांनी कुंडी तशीच आडवी करून जिन्याखाली ठेवावी आणि मावठ्यापासून सांभाळावी. आमचे तीन कंद असेच वाचले.

होळीनंतर रात्रीचा गारठा गेला, की पुन्हा लावायचे. माती हलकी हवी. मी एक भाग बागेतली माती, एक भाग पानांचं खत आणि एक भाग रेती घेतो. कंदाची डोळ्यांची बाजू वर ठेवून दोन इंच खोल लावा. वर-खाली कळत नसेल तरी घाबरू नका. उलटा लागला तरी कोंब वाट काढतो, थोडा उशीर होतो इतकंच. मोठ्या कंदाचे तुकडेही करता येतात. प्रत्येक तुकड्यावर एक तरी डोळा हवा आणि कापलेला भाग दोन दिवस सुकू द्यायचा. कोंब वर यायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवायची. इथेही घाईने घातलेलं पाणीच घात करतं. वैशाखातली लू पानं करपवते, म्हणून सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली अशी जागा द्या. एकदा पाऊस पडला की मग बघत बसा. महाकालाची सवारी निघायला लागते त्या दिवसांत आमचा ओटा भरलेला असतो.

घरात लहान मुलं असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. या पानांत, देठांत आणि कंदात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे. अळूची खाज त्यांचीच. अळूला आपण चिंच घालून, शिजवून माणसात आणतो. कॅलेडियम शिजवूनही खायचं नाही. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजू शकते. तसं झालं तर तोंड पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे न्या. आमची लेक चार वर्षांची आहे, म्हणून कुंड्या तिच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवतो आणि कंद हाताळताना हातमोजे घालतो. रंगीत अळू दिसलं तर त्याच्या वड्या होत नाहीत, एवढं पोरांना शिकवून ठेवा.

आता राहिलेली गोष्ट. त्या तीन कंदांना वैशाखात कोंब आले. बाबांनी पूर्वी देवासच्या आत्याला दिलेल्या लाल जातीचे चार कंद तिने आणून दिले. ती ते दरवर्षी वर्तमानपत्रात बांधून गव्हाच्या कोठीवर ठेवते आणि तिचा एकही कंद कधी गेलेला नाही. "दादानंच शिकवलं होतं," ती म्हणाली. म्हणजे बाबा काय करायचे ते अख्ख्या घरात फक्त देवासला माहीत होतं. पावसाळ्यात सात कुंड्या उभ्या राहिल्या. मग कोजागरी आली, पानं पुन्हा पिवळी पडू लागली आणि आईने पुन्हा तांब्या उचलला.

आता सांगणं भाग होतं. मी तिला सगळं सांगितलं. पाणी बंद करायचं, का बंद करायचं, जिन्याखालचे कंद कशामुळे वाचले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तेव्हा थंडीने नाही गेले. मीच घालवले." नाही म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "खत मी आणलं होतं. दोघांनी मिळून घालवले."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, पण पाणी घालायचं नाही तर सकाळी उठून मी करू काय?"

त्या एका वर्षात मी झाडांबद्दल बरंच वाचलं होतं. हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती पाणी झाडांसाठी घालतच नव्हती.

सुकलेल्या कंदांचं एक काम मात्र थंडीतही असतं. महिन्यातून एकदा खोकं उघडून प्रत्येक कंद दाबून बघायचा. टणक असेल तर ठीक, मऊ पडला असेल तर लगेच बाहेर काढायचा, नाहीतर शेजारचे नासतात. हे काम आईने संकष्टीला लावून घेतलं. संध्याकाळी चंद्रोदयाची वाट बघत ती स्वयंपाकघरात खोकं घेऊन बसते, एकेक कंद अंगठ्याने दाबते आणि मोजते. सकाळी सातला ती आता ओट्यावरच्या तुळशीला आणि जास्वंदीला पाणी घालते. ती दोन्ही थंडीत जागी असतात.

यंदा आमच्याकडे एकोणीस कुंड्या झाल्या. होळीनंतर आई त्यातले थोडे कंद वाटणार आहे. ज्यांना हवे असतील त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमात भेटावं, येताना कागदी पिशवी आणावी. तिची एकच अट आहे. नेलेल्यातला एक कंद दोन वर्षांनी दुसऱ्या कोणालातरी द्यायचा. आपले मेले तरी दुसऱ्याकडचे परत येतात, हे तिने देवासच्या आत्याकडून शिकून घेतलं आहे.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर कुंडी बघा. पानं पिवळी पडली असतील तर तांब्या बाजूला ठेवा. पुढच्या महिन्यात भेटू.