ॲलर्जीची गोळी आणि स्तनाचा कर्करोग

शिंका, खाज, अंगावर उठणारे पित्त यांमागचे हिस्टामिन हे रसायन आता स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनात चर्चेत आहे. पेशींवर हिस्टामिनचे चार प्रकारचे रिसेप्टर असतात. एच-1 चा संबंध ॲलर्जीशी, एच-2 चा जठरातल्या आम्लाशी. एच-1 कर्करोगाच्या गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींवरही आढळतो. तो चेतवला गेला की मॅक्रोफेज गाठीशी लढणाऱ्या टी-पेशींनाच दडपतात, असे अमेरिकेतील एमडी अँडरसन केंद्राच्या संशोधकांना दिसले. उंदरांमध्ये हा रिसेप्टर अडवल्यावर इम्युनोथेरपी अधिक परिणामकारक ठरली.

स्वीडनमध्ये 2001 ते 2013 या काळात निदान झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लोराटाडीन किंवा डेसलोराटाडीन घेणाऱ्या स्त्रिया अधिक जगल्याचे आढळले. ॲलर्जीच्या सगळ्याच गोळ्यांबाबत मात्र हे तितके ठळक नव्हते.

म्हणून उद्यापासून गोळी सुरू करायची का? नाही. या केवळ नोंदी आहेत. जी जास्त जगते तिला ॲलर्जीची गोळी घ्यायलाही जास्त वर्षे मिळतात. ॲलर्जी असणाऱ्यांची प्रतिकारशक्तीच वेगळी असू शकते. शिवाय सगळे रिसेप्टर एका माळेचे मणी नाहीत. अर्जेंटिनातील प्रयोगांत एच-4 अडवून नव्हे, तर चेतवून गाठीची वाढ मंदावली. आणि खोकल्याच्या काही औषधांत असणारे डायफेनहायड्रामाइन हे हिस्टामिनविरोधी औषध, टॅमॉक्सिफेनला यकृतात कार्यक्षम रूप देणाऱ्या एन्झाइमला अडवते. टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईने खोकल्याची बाटलीसुद्धा डॉक्टरांना दाखवावी.

खरे उत्तर चिठ्ठी टाकून दोन गट पाडणाऱ्या चाचणीतूनच मिळेल. पण पेटंट संपलेल्या, काही रुपयांच्या गोळीवर कोणती कंपनी पैसा लावील? मुंबईच्या टाटा मेमोरियलने यावर वाट दाखवली आहे. शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भूल देण्याचे साधे लिग्नोकेन टोचायचे, एवढाच उपाय. देशातील 11 केंद्रांतील सुमारे 1600 स्त्रियांवर तो पारखला गेला. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेले. 2011 मध्ये सुरू झालेल्या या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला 2023 उजाडले.

लोराटाडीनची अशी चाचणी घ्यायची तर गोळीचा खर्च नगण्यच आहे. खर्च आहे तो रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याचा, आणि तो सरकारी संशोधन निधीनेच उचलायला हवा.