डोस पूर्ण करा म्हणता, गोळ्या कुठे आहेत?

दरवर्षी 18 ते 24 नोव्हेंबर हा अँटिबायोटिक जपून वापरण्याच्या जागृतीचा आठवडा. "डोस अर्धवट सोडू नका," असा उपदेश होतो. त्याच सुमारास आपल्या अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगावातून कोयते कारखान्यांकडे निघालेले असतात. त्यात दलित आहेत, भटके-विमुक्त आहेत. हा उपदेश त्यांनी पाळायचा कसा?

डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि साठा नाही म्हणून दोनच दिवसांच्या हातावर ठेवल्या, तर उरलेल्यांसाठी पुन्हा दवाखाना. म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापणार. मेडिकलमधून घ्यायच्या तर उचल आधीच संपलेली. अपुऱ्या औषधाला न मरणारे जंतू चिवट होतात आणि ठपका बसतो 'अडाणी' रुग्णावर! शिक्षण नाकारणाऱ्या व्यवस्थेनेच अडाणी म्हणायचं, हे आपल्याला नवं नाही.

आणि मिळालेली गोळी तरी खरी असते का? नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात सिप्रोफ्लॉक्सासिन म्हणून आलेल्या गोळ्यांचा नमुना 2023 मध्ये घेतला गेला. त्यात औषधच नव्हतं. 2024 च्या पोलिसांच्या आरोपपत्रात टाल्कम पावडर आणि स्टार्च असा उल्लेख आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातल्या बनावट अ‍ॅझिथ्रोमायसिनचं प्रकरण बाहेर आलं. अशी गोळी खाऊन ताप उतरत नाही. डॉक्टरांना वाटतं, जंतू दाद देत नाहीत. ते आणखी जालीम अँटिबायोटिक लिहितात. इथे बेजबाबदार कोण?

सरकारने 2017 मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, 2023 मध्ये वेगळं प्राधिकरण काढलं. पाटी बदलून साठा येत नाही. तामिळनाडूने 1994 मध्ये महामंडळ काढलं. तिथे जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं आहेत, प्रत्येक दवाखान्याचं औषधांचं पासबुक आहे आणि माल वाटण्याआधी प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासली जाते. आपल्याकडे गोळ्या आधी पोटात, अहवाल मागून.

2014 पासून शेड्यूल एच-1 मधल्या अँटिबायोटिकची विक्री मेडिकलवाल्याने स्वतंत्र रजिस्टरमध्ये नोंदवायची आणि ते तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. तो हवाच. पण दुकानदाराकडे हिशेब मागणाऱ्या सरकारने स्वतःच्या गोदामाचाही द्यावा. संविधानाच्या कलम 47 नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे, मेहरबानी नव्हे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा हिशेब मागा: अँटिबायोटिकचा साठा किती, किती दिवस शून्य होता, आणि वाटण्याआधी बॅच तपासल्याचा अहवाल कुठे आहे. उत्तर लेखी घ्या.