विश्लेषण : ‘किती वेळ खेळतोस?’ याआधी विचारा, ‘कोणाबरोबर खेळतोस?’

मुलांच्या ऑनलाइन गेमवरून घरोघरी वाद होतो तो तासांचा. ‘इन रिअल लाइफ’ ही चित्रकादंबरी मात्र पडद्यापलीकडे बसलेल्या माणसाकडे बोट दाखवते. मुलांसाठी असलेले हे पुस्तक पालकांनीही का वाचावे?

पुस्तक काय आहे?

कोरी डॉक्टरो यांचे लेखन आणि जेन वांग यांची चित्रे असलेली ही इंग्रजी चित्रकादंबरी २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. नायिका अँडा ही अमेरिकेतील शाळकरी मुलगी. ‘कोर्सगोल्ड ऑनलाइन’ या काल्पनिक गेममध्ये ती लढवय्यी असते. तिथल्या ‘गोल्ड फार्मर’ना मारण्याचे तिला खरे पैसे मिळू लागतात. ते फसवे खेळाडू आहेत, अशीच तिची समजूत. मग त्यांच्यापैकी एकाशी, रेमंडशी, तिचे बोलणे होते. तो चीनमधला तिच्याच पिढीचा मुलगा निघतो आणि हा ‘खेळ’ त्याची नोकरी असते.

‘गोल्ड फार्मिंग’ म्हणजे काय?

गेममधील नाणी, शस्त्रे तासन् तास खेळून गोळा करायची आणि श्रीमंत देशांतील खेळाडूंना खऱ्या पैशांत विकायची, असा हा धंदा. बहुतेक गेम कंपन्यांच्या नियमांत तो बसत नाही. तरीही मँचेस्टर विद्यापीठातील अभ्यासक रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगभरात सुमारे चार लाख लोक या कामात होते, त्यातले बहुसंख्य चीनमध्ये, आणि त्यांची सरासरी कमाई महिन्याला १४५ डॉलरच्या आसपास होती. म्हणजे रेमंड काल्पनिक असला तरी त्याचे काम काल्पनिक नाही.

मैत्रीत पेच कुठे येतो?

रेमंडची पाठ दुखते, पण उपचाराची सोय नाही. अँडा त्याला सहकाऱ्यांसह एकत्र येऊन मागण्या मांडायला सुचवते. परिणामी रेमंडची नोकरी जाते. सल्ला देणारी सुरक्षित घरात, किंमत मोजणारा दुसऱ्या देशात. मित्राचे भले करायचे तर आधी त्याची परिस्थिती समजून घ्यावी लागते, हा धडा पुस्तक उपदेश न करता देते.

पुस्तकात उणिवा नाहीत का?

आहेत. गोष्ट रेमंडच्या दुःखाची असली तरी ती दिसते अँडाच्याच नजरेतून. शिवाय इतक्या गुंतागुंतीच्या प्रश्नाचा शेवट जरा सोपा वाटतो. तरीही मुलांसमोर श्रम आणि विषमता हे विषय मांडायचे धाडस मोलाचे आहे.

पालकांनी काय घ्यावे?

अनोळखी लोकांकडून पैसे येताहेत हे कळल्यावर अँडाची आई गेम बंद करते. तिची भीती चुकीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे, तेव्हा वेळेची मर्यादाही हवीच. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा व्यवहार रोखू शकतो. मूल रात्री कोणाशी बोलते, हे कायद्याला कळत नाही.

ते घरातच कळू शकते. पलीकडचा माणूस रेमंडसारखा मित्र असेल किंवा गोड बोलून फसवणारा. दोन्ही शक्यता एकाच प्रश्नातून समोर येतात : ‘कोणाबरोबर खेळतोस?’ मात्र तो पोलिसी आवाजात विचारला, तर उत्तर मिळणार नाही. नुसता मोबाइल काढून घेतला की मूल खेळणे नव्हे, सांगणे थांबवते. शेजारी बसून एक डाव खेळणे, निदान पाहणे, हा सोपा मार्ग आहे. मैदानावरच्या सवंगड्यांची नावे आईवडिलांना पाठ असायची. ऑनलाइन सवंगड्यांचीही असायला हवीत.