युक्तिवाद शिकलो, साक्ष कधी शिकणार?

20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसायचे असेल तर किमान तीन वर्षांची वकिली हवी, असे त्यात ठरले. ज्यांच्या घरात आजोबांपासून वकिली आहे, त्यांना या अटीची चिंता नाही. पण मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावातून अकोल्याला किंवा अमरावतीला जाऊन कायदा शिकणारा, खानदानातला पहिला वकील ठरणारा आपला मुलगा ही तीन वर्षे कोणाच्या हाताखाली काढणार? कोर्टात उभे कसे राहायचे हे त्याला कोणी शिकवले आहे काय?

कागदावर शिकवले आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत यासाठी 100 गुणांचा विषय आहे. तीन अभिरूप न्यायालयांना 30, दोन खटल्यांच्या निरीक्षणाला 30, पक्षकाराची मुलाखत व खटल्याच्या पूर्वतयारीला 30 आणि तोंडी परीक्षेला 10 गुण. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मागच्या वर्षीची वही उतरवली की गुण मिळतात.

जिथे हे मनापासून होते, तिथेही एक मोठी उणीव राहते. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा अपिलाच्या धर्तीवर चालतात. घटना आधीच ठरलेली असते. विद्यार्थी फक्त कायद्याच्या मुद्द्यावर, तोही इंग्रजीत, युक्तिवाद करतो. अभिरूप खटला वेगळा असतो. त्यात फिर्यादी, पंच, तपास अधिकारी, डॉक्टर उभे करून सरतपासणी व उलटतपासणी घ्यावी लागते. घटना सिद्ध करावी लागते. अमेरिकेत शाळकरी मुलांची अशी राष्ट्रीय स्पर्धा 1984 पासून आणि महाविद्यालयांसाठीची स्वतंत्र संघटना 1985 पासून आहे.

आपल्या समाजाचा न्याय नेमका याच टप्प्यावर अडतो. खैरलांजीचे हत्याकांड 29 सप्टेंबर 2006 चे. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरले. मात्र ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठानेही तो लावला नाही. साऱ्या जगाला दिसलेली जात न्यायालयाच्या निकालात आली नाही. अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे 2014 साली दलित तरुणाचा खून झाला. साक्षीदार फितूर होत गेले आणि 2017 मध्ये सारे आरोपी सुटले. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. पण साक्षीच्या पिंजऱ्यात जे हरले ते रस्त्यावर परत मिळत नाही.

बाबासाहेबांनी हे जाणले होते. चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, तशी कोर्टातही लढाई झाली. डिसेंबर 1927 मध्ये सवर्णांनी दावा लावला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो कायमचा निकाली निघाला. सनातन काळापासूनची वहिवाट वादींना पुराव्याने सिद्ध करता आली नाही. दहा वर्षांची ती झुंज पुराव्यावर जिंकली गेली, हे विसरून चालणार नाही.

ॲट्रॉसिटीच्या खटल्यात एकेक प्रश्न निर्णायक असतो. शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोर झाली काय? 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घराच्या चार भिंतींतील, बाहेरचे कोणी हजर नसतानाचा अपमान या कलमात बसत नाही असे म्हटले. म्हणजे "तिथे आणखी कोण कोण होते?" हा साधा प्रश्न सरतपासणीत राहिला तर खटला गेलाच. आरोपी फिर्यादीच्या कुटुंबाला ओळखत होता, हे साक्षीत आले तर त्याला जात माहीत होती असे कायदाच गृहीत धरतो. 2015 च्या दुरुस्तीची ही तरतूद किती नवे वकील वापरतात? आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. मोबाईलमधील चित्रफीत असेल तर कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. हे फक्त पुस्तक वाचून अंगी येत नाही.

म्हणून सूचना अशी. चळवळीतील वकिलांनी तालुक्याच्या ठिकाणी, विहारात किंवा समाजमंदिरात, महिन्यातून एक रविवार अभिरूप खटला चालवावा. हातपंपावरील भांडणाचे काल्पनिक दोषारोपपत्र तयार करावे. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. साक्ष मराठीतच, वऱ्हाडी बोलीतही होऊ द्यावी. निवृत्त न्यायाधीशांनी गुण द्यावेत. फिर्यादीच्या भूमिकेत गावातील माय-माउलींना बसवावे. पिंजऱ्याची भीती अशीच मोडते. मात्र चालू खटल्यातील साक्षीदाराला यात आणू नये. साक्ष पढवणे हा आपला मार्ग नव्हे.

वर्षअखेर वाशिम, अकोला, बुलढाण्याच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा घ्यावी. 14 एप्रिलला डीजेवर उधळला जाणारा पैसा थोडा इकडे वळवला तरी एवढा खर्च निघेल. ॲट्रॉसिटी कायदा संसदेने दिला आहे. तो साक्षीपुराव्याने उभा करणारे वकील समाजालाच घडवावे लागतील.