परीक्षा रुग्णाच्या खाटेजवळ हवी

मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला त्याच वर्षी, म्हणजे १९५६ साली, आजच्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावानेच लोकांना ठाऊक आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोली, किंबहुना विदर्भातील बुलढाण्यापासूनही गोरगरीब रुग्ण तेथे येतात. वैद्यक शिकण्यास याहून समृद्ध शाळा शोधूनही सापडणार नाही. तथापि, अशा मोठ्या रुग्णालयांना जोडलेल्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की एक विपरीत दृश्य दिसते. ज्यांनी वॉर्डात असावयास हवे ते विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत उजळणी करीत असतात. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. परीक्षा जे मागते, तेच विद्यार्थी वाचतो.

ही परीक्षा नेमके काय मागते? विद्यार्थ्याला ‘लाँग केस’ म्हणून एक रुग्ण नेमून दिला जातो. तो त्याची हकिकत विचारतो, तपासणी करतो आणि मग परीक्षकांपुढे ती ‘केस’ इंग्रजीत सादर करतो. पुष्कळदा परीक्षक ऐकतात ते हे सादरीकरण. विद्यार्थी रुग्णाशी कसा बोलला, पोटावर हात कसा ठेवला, हे पाहावयास कोणी नसते. शिवाय परीक्षेसाठी निवडले जाणारे रुग्ण ठरावीक असतात: वाढलेली प्लीहा, जलोदर, अर्धांगवायू, हृदयाच्या झडपेचा दोष. मग पी. जे. मेहता यांचे ‘प्रॅक्टिकल मेडिसिन’ आणि वरच्या वर्गातील मुलांच्या टिपणवह्या यांतून या आजारांची सादरीकरणे तोंडपाठ करणे, आणि कोणत्या खाटेवर कोणती ‘केस’ आहे याचा कानोसा घेणे, हाच अभ्यास होऊन बसतो. दिवसभर तीच कहाणी सांगून थकलेला रुग्ण कधी स्वतःच आपल्या रोगाचे नाव सांगून मोकळा होतो. त्यावर मिळालेले गुण नेमके कोणत्या कौशल्याचे, हा प्रश्न विचारावयास हवा.

यात सर्वांत मोठी हानी होते ती रुग्णाच्या शब्दाची. ‘जीव घाबरा होतो’ ही तक्रार धडधडीची, धापेची की निव्वळ धास्तीची, हे आणखी चार प्रश्न विचारल्याविना कळत नाही. कापूस वेचताना दम लागतो की रात्री निजल्यावर, या एका उत्तरावर निदानाची दिशा बदलते. कोणी मराठवाडी बोलीत बोलतो, कोणी दखनीत, तर तांड्यावरची बाई लमाणीत. अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांवर आलेल्या काही विद्यार्थ्यांना तर मराठीही नवी असते. हे बोलणे समजून घेणे हा वैद्यकाचा पाया आहे. पण सफाईदार इंग्रजी सादरीकरणाला गुण असतील, तर त्यासाठी कोण खपणार?

या दोषांवर उपाय शोधलेच गेले नाहीत असे नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली अशा परीक्षेची पद्धत मांडली, की जिच्यात प्रत्येक विद्यार्थी ठरावीक टप्प्यांवरून जातो आणि परीक्षक त्याची कृती डोळ्यांनी पाहून गुण देतो. नशिबाचा भाग त्यामुळे घटला. मात्र मिनिटे मोजून उरकलेल्या कृतींतून अखंड माणूस समजत नाही, हेही खरे. आपल्याकडे २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि प्रत्येक कौशल्याची नोंद ‘लॉगबुक’मध्ये करणे आले. हेतू उत्तम होता. परंतु प्रत्यक्ष न पाहता केलेली सही म्हणजे शिक्षण नव्हे. त्यातच पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या सरावाला वॉर्डातील तासांपेक्षा अधिक मोल मिळाले, तर आंतरवासितेचे वर्षही प्रश्नसंचांतच बुडते.

तेव्हा सुधारणा परीक्षेपासूनच सुरू व्हावयास हवी. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने या कामी पुढाकार घ्यावा. ‘लाँग केस’मधील हकिकत घेणे आणि तपासणी यांचा काही भाग तरी परीक्षकांनी खाटेजवळ उभे राहून पाहावा. रुग्णाशी त्याच्या भाषेत केलेल्या संवादाला स्वतंत्र गुण असावेत. वर्षभर वॉर्डात पाहिलेल्या कामालाही परीक्षेत वजन मिळावे. यास वेळ आणि माणसे लागतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच शासनाने अध्यापकांची रिक्त पदे भरण्याची जबाबदारी टाळू नये; अध्यापकाविना वॉर्ड म्हणजे गुरूविना शाळा.

शासकीय रुग्णालयातील गरीब रुग्ण अनोळखी विद्यार्थ्यांना आपले शरीर तपासू देतो. त्यातून घडणाऱ्या डॉक्टरांपैकी कोणी उद्या त्याच्याच तालुक्याच्या दवाखान्यात बसेल. तेथे त्याला रुग्णाचे म्हणणे समजले नाही, तर पाठ केलेली सादरीकरणे कामास येणार नाहीत. आणि त्या अज्ञानाची किंमत विद्यार्थ्याला नव्हे, रुग्णाला मोजावी लागेल.